कुलदीप सरांची छत्री

कुलदीप सरांना अक्कल नव्हती असं नाही. ती ते फक्त मार्चअखेरीस बाहेर काढत. अनुदान परत जाऊ नये म्हणून मुख्याध्यापक असलेल्या सरांनी घाईघाईनं पाचवीच्या वर्गात टीव्ही लावला आणि शाळेच्या छतावर महिन्याला रिचार्ज मागणारी डिशची छत्री बसवली. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सुगंधाबाईंनी तेव्हाच तोंड उघडलं होतं.

"सर, माह्या घरी फुकटवाली छत्री हाय. एकदा बसवली का मंग काही भराले लागत नाई. अभ्यासाचे चॅनल तिच्यावरबी लागतेत."

"फुकटचं शाळेला शोभत नाही, बाई."

"बरं, मंग जागा तरी बदला. समोर मोह हाय. आता बोडका हाय म्हणून चित्र दिसून राह्यलं. पानं फुटल्यावर काय कराल?"

सर नुसते हसले. शिकल्यासवरल्या माणसानं खिचडीवालीकडून झाडं शिकायची की काय!

सुगंधाबाईंना टीव्हीचं कौतुक नव्हतं. त्यांची नात मंगली जूनमध्ये पाचवीत जाणार होती, जानेवारीत नवोदय शाळेची प्रवेशपरीक्षा होती आणि गणिताचे मास्तर बदली होऊन गेले ते गेलेच. त्यांच्या जागी आता तो टीव्हीच उरला होता.

शाळा उघडली तेव्हा मोह हिरवागार आणि टीव्हीचा पडदा कोरा. सरांनी फांद्या तोडायला माणसं बोलावली. ज्याच्या फुलांवर गाव उन्हाळा काढतं आणि ज्याला देवापुढं मान आहे, त्या झाडावर कुऱ्हाड कोण घालणार? माणसं आली, चहा पिऊन गेली. छत्री हलवायची तर आपलं चुकलं हे वर कळवावं लागणार, म्हणून तेही नाही. नाचता येईना, अंगण वाकडं! शेवटी सरांनी जाहीर केलं, "पानझड झाली की दिसेल. तोवर धीर धरा."

मोहाची पानं झडतात फेब्रुवारीत. सुगंधाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवसापासून शाळा सुटली की पाचवीची बारा पोरं त्यांच्या घरी टीव्हीसमोर बसू लागली.

पंधरवड्यानं सर मोबाइल घेऊन दारात हजर. "फोटो वर पाठवायचाय. शाळेचा डिजिटल उपक्रम म्हणून. तुम्ही जरा बाजूला व्हा, बाई."

बाई तसूभर हलल्या नाहीत.

"काढा ना फोटो. पण पयले चपला बाहेर काढा अन् मागं बसा. गणित सुरू हाय. जानेवारी पयले येते का फेब्रुवारी, थे तुमालेबी समजन."

पोरं खदखदून हसली. मंगलीनं सरकून सरांना जागा करून दिली.