बंद खोलीतली हवा

तिने हवेच्या मापकाच्या काचेवर टिचकी मारली. आकडा खाली येण्याऐवजी आणखी एका घराने चढला.

"आधी तुझं यंत्र बघ," सायकलवरून उतरत नवरा म्हणाला. "काचेला टिचक्या कसल्या मारतेस?"

"यंत्राला काही झालेलं नाही."

"हो, बिघडतात ती फक्त माणसं!"

अंतराळयानात माणसांनी सोडलेला श्वास धुऊन पुन्हा घेण्याजोगा करणारं ते यंत्र तिने बनवलं होतं. त्याची परीक्षा म्हणून दोघांना या लोखंडी खोलीत कोंडलं होतं. नवरा अंतराळवीरांचा व्यायाम घेणारा. वजन नसलं की हाडं झिजतात, म्हणून सायकल त्याच्या गळ्यात. घामाने ओले झालेले टॉवेल भिंतीला लटकवायचे, त्यांतल्या घामाचंसुद्धा यंत्र प्यायचं पाणी करायचं. नवरा-बायकोच आत गेलेले बरे, भांडण घरातल्या घरात राहील, असं साहेब हसत म्हणाले होते. साहेबांचं काय जातंय हसायला!

भोंग्यातून बाहेरच्या तंत्रज्ञाचा आवाज आला. त्याला सगळे काका म्हणत.

"ताई, कार्बन डायऑक्साइड वाढलेला दिसतोय. अजून धोका नाही, आम्ही शोधतोय. पण अशा हवेत माणूस उगाच चिडतो हं. काही बोललात तरी मनावर घेऊ नका."

झालं. दोघांना जणू परवानाच मिळाला.

"तुझा या डब्याशी संसार चाललाय," नवरा म्हणाला. "मी घर सोडून गेलो असतो, तर तुला पत्ताही लागला नसता."

"लागला असता. कुरकुर थांबली असती ना!"

"बोल, बोल. अजून बोल."

"बोलते. मी मूल नको म्हणाले, ते कामासाठी नव्हतं. तुझ्यासारखं आणखी एक सांभाळायची ताकद नव्हती माझ्यात."

तो अगदी हळू म्हणाला,

"बरंच झालं. निघून जायचं ठरवलं तर पायात बेडी नको, असं मलाही तेव्हा वाटलं होतं."

ती खाली बसली.

"हवेमुळे बोलतोय आपण," ती म्हणाली.

"हो, हवेमुळेच," तो घाईघाईने म्हणाला. त्याने तिला पाण्याची बाटलीही दिली, आणि तिला त्याची दया आली.

तेवढ्यात भोंगा खरखरला.

"ताई, मापकाशेजारचा तो ओला टॉवेल काढा बघू! दमट वाफेने ते खोटे आकडे दाखवतंय. आम्ही आत्ताच नळीने हवा बाहेर काढून तपासली. सकाळपासून एकदम चोख आहे. जिंकलात तुम्ही!"

मागे टाळ्या वाजल्या. नवऱ्याने टॉवेल काढला, तिच्याकडे पाठ करून त्याची घडी घातली, मोडली, परत घातली. काचेमागचा आकडा भराभर उतरत होता.

या यंत्रावर कुणी बोट ठेवलं की आजवर ती वाघिणीसारखी धावून जायची. ती उठली आणि तिने भोंग्याचं बटण दाबून धरलं.

"काका, पुन्हा तपासा ना," ती म्हणाली. "नीट तपासा. काहीतरी बिघडलंच असेल."