बॉयलरवाल्याचा कान

बॉयलरवाल्याने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बॅटऱ्या थंड ठेवणाऱ्या पंख्याच्या बेअरिंगपाशी टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. आत बारीक खरखर होती. अजून चार दिवस, फार तर पाच. मग पंखा अडकणार, बॅटऱ्या तापणार आणि सगळा कारखाना आपोआप बंद पडणार.

"काय म्हणतंय, मामा?" जावयाने विचारलं. उन्हावर चालणारी ही नवी यंत्रणा त्यानेच बसवली होती.

"उत्तम आहे. हात लावू नका."

दारात उभ्या असलेल्या कोळसेवाल्याने ओठांवरचं हसू लपवायला मान खाली घातली. बॉयलरमध्ये कोळसा टाकता टाकता एकोणीस वर्षं तो या माणसाला यंत्रं ऐकताना बघत आला होता. डोळे उघडायला इतका वेळ लागला, म्हणजे आत काहीतरी बिघडलेलं असतं, हे त्याला पाठ होतं.

मालकाची अट सरळ होती. पंधरा दिवस कारखाना उन्हावर चालला तर बॉयलर भंगारात. मध्येच बंद पडला तर यंत्रणा ज्याची त्याला परत. आज नववा दिवस. ऊन फुकट आहे, असं मालक येताजाता ऐकवायचा. पॅनेल, बॅटऱ्या आणि तारा मात्र फुकट आल्या नव्हत्या. तो खर्च भरून काढायला बॉयलरवरच्या अकरा जणांतले दोघेच राहणार होते. नऊ घरांच्या चुली विझवायच्या आणि म्हणायचं, हवा स्वच्छ झाली. आणि हे पुण्यकर्म करायला कोण यावं, तर पोटच्या पोरीचा नवरा! त्याचं तोंड बघितलं तरी बॉयलरवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

जावयाने तपासणीचा कागद पुढे केला.

"इथे सही करा. राहणाऱ्या दोघांत पहिलं नाव तुमचंच दिलंय."

"मी मागितलं होतं?"

"नाही. पण तुम्ही ठीक म्हटलंत की मला परत बघावं लागत नाही."

"तुमचे उपकार नकोत, जावईबापू."

कागद त्याने जवळजवळ हिसकावूनच घेतला. बावीस वर्षांत मालकाच्या शिव्या खाऊनही बिघडलेल्या यंत्राला त्याने कधी ठीक म्हटलं नव्हतं. नावाचं पहिलं अक्षर उमटलं. पुढचं काही उमटेना.

"बेअरिंग गेलंय," तो खेकसला. "बदला. आणि असले कागद माझ्यापुढे पुन्हा आणू नका."

आठवड्यातून अर्धा तास पंखा थांबवायची मुभा होती. जावई घाईघाईने पेटी उघडून बसला, पण त्याच्या हातातला पाना सारखा घसरत होता. ते बघवेना, म्हणून बॉयलरवाल्याने पाना ओढून घेतला आणि नवं बेअरिंग स्वतःच बसवलं. वीस मिनिटांत पंखा पुन्हा सुरू झाला. त्याने कान लावून ऐकलं. आता कसलीच तक्रार नव्हती.

तो वळला. कोळसेवाला अजून दारातच होता.

"पोरीच्या संसारासाठी केलंत, दादा?"

"नाही."

"मग नोकरीसाठी?"

"खरखर होती रे."

"मला इथूनच कळली होती," कोळसेवाला म्हणाला. "मी गप्प बसलो होतो."

बॉयलरशेजारच्या फळीवर दोघांचे चहाचे कप असायचे. त्यातला आपला तेवढा उचलून कोळसेवाला बाहेर गेला.