पाच ओळींची संध्याकाळ

माझा धंदाच आखूड करण्याचा. लोक नव्या पॅंटी घेऊन येतात, मी त्या खालून कापते, दुमडते, टीप मारते. लांब करून द्या म्हणणारं गिऱ्हाईक क्वचित येतं, आणि आत दुमडलेलं जास्तीचं कापड नसेल तर मी त्याला सरळ परत पाठवते. नसलेलं कुठून आणू?

आणि या वयात मला निबंध लांब करायला सांगत होते.

मुलगा परदेशात. सून, नातही तिकडेच. आईला कायमचं बोलवायचं तर आईने तिथल्या भाषेची परीक्षा द्यायची, असा तिकडचा नियम. "तू पास हो, आई, की लगेच अर्ज टाकतो," मुलगा म्हणाला होता. त्याचे बाबा गेल्यापासून घरात मी आणि मशीन. मी लगोलग क्लास लावला. बोलण्यात, ऐकण्यात पास झाले. लेखनात आपटले.

विषय होता 'तुमच्या घरातली संध्याकाळ'. मी लिहिलं: दुकान बंद करून घरी येते. दिवा लावते. सकाळचं गरम करून जेवते. मशीनला तेल घालते. दिवा घालवते.

"एकही चूक नाही, मावशी," क्लासच्या बाई म्हणाल्या. माझ्या सुनेच्या वयाच्या असतील.

"मग नापास का?"

"फार थोडं लिहिलंत."

"होतं तेवढं लिहिलं. उगाच पाल्हाळ कशाला? मनातलं थोडक्यात नाही का सांगता येत?"

बाईंनी वाद घातला नाही. जुन्या विद्यार्थ्यांचे चार निबंध भिंतीला टाचले आणि मला दारापाशी उभं केलं. "यातले पास कुठले?"

तिथून मला एक अक्षर लागत नव्हतं. शाई कागदावर कुठवर उतरलीय, एवढंच दिसत होतं. वैतागून मी सगळ्यात लांब दोन दाखवले. दोन्ही बरोबर निघाले.

"मापच घ्यायचं होतं तर टेप मी आणली असती," मी म्हणाले. "परीक्षा कशाला?"

बाई हसल्या. "तपासणाऱ्यापुढे गठ्ठा असतो हो. लांब लिहिणाऱ्याला काहीतरी सांगायचंय, असं त्याला वाटतं. खरं तेच लिहायला पाहिजे असं कुठे आहे? घरात माणसं घाला."

दुसऱ्या वेळी विषय आला 'घरातलं रात्रीचं जेवण'. मी माणसं घातली. नातीने पाणी सांडलं. सून तिला ओरडली, मुलगा सुनेला, आणि मी मुलाला. ह्यांना मीठ कमी लागलं. ह्यांना ते नेहमीच लागायचं. मग खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावर जुंपली. नात माझ्या मांडीवर येऊन बसली आणि माझ्याच ताटातलं खायला लागली. कागद संपला, मी पुरवणी मागितली. चुका ढीगभर झाल्या असणार, पण मागे वळून बघायला सवड होती कोणाला? वेळ संपली म्हणून पर्यवेक्षकाने कागद ओढून घेतला, तेव्हा ताटं अजून उचलायची राहिली होती. मला त्या माणसाचा भयंकर राग आला. रस्त्यात रडूच फुटलं. घरी येऊन दिवा लावला.

उत्तम मार्क पडले. त्या दिवशी दुकानात कात्री बाजूला ठेवून मी मुलाला निरोप लिहायला बसले. पास झाले, अर्ज कधी टाकतोस, नातीच्या फ्रॉकचं माप कळव, मला कुठलीही खोली चालेल, मशीन इथे कोणाला देऊ, तिकडे थंडी फार असते का. बोटं दुखेपर्यंत लिहिलं.

उत्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलं. "वा, छान. बघू या."

कामात असेल. आणि मोजकं बोलणं तो माझ्याकडूनच शिकला. थोडक्यातही मनातलं सांगता येतं, हे मीच बाईंशी भांडत होते की. मी ते शब्द पुन्हा पुन्हा वाचले, आत कुठे काही दुमडून ठेवलंय का ते बघितलं.

मग मोबाइल मशीनला टेकवून उभा केला आणि दारापाशी गेले. माझा निरोप वरपासून जवळजवळ खालपर्यंत पसरला होता. त्याच्याखाली त्याची एक तोकडी ओळ. अक्षर लागत नव्हतं, तरी तिथून निकाल कळला.