उतारावरच्या बंद गाड्या

चौकाच्या बैठकीसाठी वाहतूक विभागाने शाळेचा एक वर्ग घेतला होता. बाकं लहान मुलांची. मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि बोलायला सुरुवात होण्याआधीच वैतागली होती.

योजना साधी होती. पाण्याच्या टाकीपासून चौकात उतरणारा रस्ता अरुंद आहे. यापुढे त्यावर वाहनांनी चौकातून वर चढायचं, खाली यायचं नाही. खाली यायचं त्याने कालव्याकडून वळसा घ्यायचा. बेकरीवाल्याने विचारलं, की त्याचा माल जगप्रदक्षिणा करून दुकानांत पोचेपर्यंत शिळा होईल, त्याचं काय. एका बाईंनी रुग्णवाहिकेचा मुद्दा काढला. मागच्या बाकावरून कुणीतरी अभियंत्याला तुम्ही राहता कुठे असं विचारलं आणि हशा झाला.

शिंप्याची अडचण वेगळी होती. त्याचं दुकान उताराच्या पायथ्याशी, घर बरोबर समोर. मध्ये रस्ता. त्याच्या आईची नजर गेलेली. उजेड आणि सावली एवढंच तिला कळे. तरी रोज दुपारी ती एकटी रस्ता ओलांडून दुकानात येई आणि संध्याकाळपर्यंत हूक-बटणं लावत बसे. बोटांना सवय होती. हात धरून आणलेलं मात्र तिला खपत नसे. एकदा तो घ्यायला गेला तेव्हा ती उंबऱ्यातच थांबली होती.

"आज आणायला आलास, उद्या भरवायला बसशील. जा, मशीन चालव."

मशीन चालवण्याला कारण होतं. ती कडेला उभी राहून आधी वरच्या बाजूला कानोसा घेई, मग खालच्या. दोन्हीकडे शांत असलं की मशीनच्या आवाजाच्या रोखाने सरळ चालत येई.

शिंप्याने हे सगळं सभेत सांगितलं. अभियंत्याने घाई केली नाही. थोडा विचार करून तो म्हणाला, की आता गाड्या एकाच बाजूने येतील, त्यातही चढाला लागलेल्या, म्हणजे इंजिनाचा आवाज जास्तच. आईंना उलट सोपं जाईल. शिंप्याला ते पटलं. हात वर करायची वेळ आली तेव्हा त्याने योजनेच्या बाजूने केला. शेजारी बसलेला माणूस कोर्टात कारकून होता, निवृत्त झाल्यावर सगळे त्याला वकीलसाहेब म्हणत. तो वळून म्हणाला, "तुम्हाला बरोबर मापात घेतलं हो त्यांनी."

अभियंता चुकीचं बोलला नव्हता. सुरुवातीला सगळं त्याने सांगितल्यासारखंच झालं. आई खूश होती. आता एकच कान पुरतो, दुसरा सुनेचं ऐकायला मोकळा, असं ती म्हणे. हळूहळू वरच्या बाजूला तोंड वळवायचं तिने सोडून दिलं.

वळसा घ्यायला मात्र कुणीच तयार नव्हतं. चौकात शिपाई उभा असे. तोड वकीलसाहेबांनी काढली. इंजिन बंद, किल्ली बंद, म्हणजे ते वाहन चालवणं नव्हेच. गडगडणाऱ्या दगडाला कुणी दंड करत नाही. ते स्वतः आपल्या स्कूटरवरून तसे खाली आले, शिपायापुढे थांबले आणि आपलं म्हणणं त्यांनी नीट समजावून सांगितलं. शिपायाने ऐकून घेतलं आणि दुसरीकडे पाहिलं. त्यानंतर सगळा उतार तसाच उतरू लागला. टाकीपाशी किल्ली फिरवायची, पाय उचलायचे. बेकरीवाला तर भरलेली व्हॅन तशी सोडी. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो, दोन्ही पायांनी दाबावा लागतो, असं तोच हसत हसत सांगे.

शिंप्याला ते प्रथम कळलं तेव्हा तो दोरा ओवत होता. आरशातून काहीतरी मोठं, पांढरं सरकत गेलं आणि आवाज काहीच आला नाही.

तो घरोघर गेला. सगळ्यांनी त्याला बसवलं, चहा दिला. म्हातारीसाठी दुपारपुरतं थांबवू, असं बेकरीवाला म्हणाला आणि दोन-तीन दिवस त्याने ते पाळलंही. वकीलसाहेबांनी आठवण करून दिली, की हात वर कुणी केला होता.

मग त्याने आईला सांगितलं, की पुन्हा वरच्या बाजूलाही कान दे.

"जे ऐकूच येत नाही, ते ऐक म्हणतोस?" ती म्हणाली.

तिच्या वेळेला तो दारात जाऊन उभा राहू लागला. पण मग मशीन थांबे, आणि ती समोरच्या कडेला खोळंबून राही. "मी निघाले की तुझं मशीन का रे बंद पडतं?" तिने विचारलं. त्यावर उपाय म्हणून त्याने बायकोला मशीनवर बसवलं आणि स्वतः दारात राहिला. तेवढं जमून गेलं.

त्या दिवशी टाकीजवळच्या एका गिऱ्हाइकाला कोट द्यायचा होता. गिऱ्हाइकाने तो तिथेच घालून पाहिला. बाही आखूड वाटली, मग लांब वाटली. शिंपी बाहेर पडला तेव्हा आईची वेळ होत आली होती. खाली बायको मशीनवर बसली असणार, आणि दारात कुणी नसणार. कालव्याकडून गेलं तर वेळेत पोचणं शक्य नव्हतं.

टाकीपाशी बेकरीवाला व्हॅनमध्ये बसून किल्ली फिरवत होता. शिंप्याला पाहून तो हसला आणि त्याने हाताने खूण केली, हो पुढे.

शिंप्याने आपल्या स्कूटरची किल्ली फिरवली आणि पाय उचलले.

उतार त्याला वाटला होता त्यापेक्षा गुळगुळीत होता. कानाशी फक्त वारा होता. वळण संपलं तशी आई दिसली. ती कडेला उभी होती, तोंड चौकाकडे. तिने ऐकून घेतलं आणि पाऊल टाकलं. त्याने हॉर्न दाबला. किल्ली बंद होती. तो ओरडला, "आई!"

ती रस्त्याच्या मधोमध थांबली.

स्कूटर तिरकी होत घसरली आणि तिच्या पदरापाशी येऊन थांबली. समोर मशीन चालूच होतं. आईने आवाजाच्या दिशेने हात पुढे केला, त्याचा खांदा चाचपला.

"तू? वरून?"

तिचा हात खांद्यावरच राहिला. कित्येक दिवसांनी तिने तोंड उताराकडे वळवलं आणि मान किंचित कलती केली.

"तुझ्या मागे कोण आहे रे?"

वरून कसलाच आवाज येत नव्हता.