न्यायाधीशबाईंचा उजवा हात

माझी थोरली बहीण मार्सेला. चौतिसाव्या वर्षी तिला सिनेमाचा मोठा पुरस्कार मिळाला आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत सिनेमे यायचे थांबले. हॉलिवूडमध्ये चाळिशीतल्या बाईला आधी आईची कामं देतात, मग काहीच देत नाहीत. तिनं कुरकुर केली नाही. टीव्हीवर ती नर्स झाली, खुनी झाली, कुत्र्यांच्या खाण्याच्या जाहिरातीतसुद्धा गोड हसली. साठी उलटल्यावर एका मालिकेत तिला न्यायाधीशाची भूमिका मिळाली, आणि लोक तिला पुन्हा दुकानात अडवून फोटो मागायला लागले.

दुसऱ्याच वर्षी तिचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला.

"सेटवर कुणाला सांगायचं नाही, नेटी," गाडीत बसताना ती म्हणाली.

"का?"

"न्यायाधीश आजारी म्हटल्यावर लेखक दोन भागांत तिचं थडगं बांधतील."

मग लपवाछपवी सुरू झाली. कधी मुठीत पेन घट्ट धरायचं, कधी हात टेबलाखाली न्यायचा. गाडी मीच चालवायची आणि दिवसभर सेटवर बसून राहायची.

एकदा निकाल वाचायचा प्रसंग होता. तिच्या हातातला कागद इतका फडफडला की आवाज माइकमध्ये गेला. दिग्दर्शक केसलरनं शूटिंग थांबवलं. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. तिनं कागद खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर आजाराचं नाव सांगून टाकलं.

केसलर जवळ आला. "आपण फक्त चेहरा घेऊ. हात दिसणार नाही."

"चेहऱ्यालाही माहीत आहे हात कुठं आहे ते. त्यापेक्षा हा आजार न्यायाधीशबाईलाच द्या."

"प्रेक्षकांना झेपेल?"

"झेपत तुला नाहीये. त्यांचं नाव कशाला घेतोस?"

केसलर ओशाळून हसला. पण त्यासाठी लेखकांशी भांडला तोच.

त्या वर्षी मार्सेलाला दुसरा मोठा पुरस्कार मिळाला. वर्तमानपत्रांनी त्या थरथरणाऱ्या हाताला अभिनयाचा कळस म्हटलं. ती मात्र नाश्त्याला म्हणाली, "हात आपोआप हलतो गं. त्यात मी काय केलं? आजारालाच बक्षीस दिलं त्यांनी."

मी तिच्या पॅनकेकवर पाक घातला.

"हात आपोआप हलतो, खरं आहे," मी म्हटलं. "पण तो दिसला म्हणून ती न्यायाधीशबाई आधी शरमते, मग चिडते, आणि तो राग समोरच्या आरोपीवर निघू नये म्हणून क्षणभर थांबते. ते थांबणं आजारानं केलं का?"

तिनं काटा खाली ठेवला. "तू हे कधी पाहिलंस?"

"सेटवर दुसरं काय करते मी?"

नंतर तिनं आणखी दोन वर्षं काम केलं. आवाज बसायला लागला तेव्हा स्वतःच केसलरला सांगितलं, आता पुरे. लेखकांनी न्यायाधीशबाईला मारलं नाही, निवृत्त केलं. शेवटच्या दिवशी न्यायाधीशाच्या काळ्या झग्याची चेन तिला उघडेना. केसलर पुढं आला आणि खाली वाकून ती सोडवायला लागला.

"सावकाश," ती म्हणाली. "भाड्याचा आहे."