दोन केंद्रकांची पेशी

शाळा पाहायला आलेले पाहुणे दहा मिनिटांत वर येताहेत असा निरोप आला, तेव्हा विज्ञानाच्या बाई चौथीच्या वर्गात टेबलावर पेशी मांडत होत्या. एकतीस मुलांच्या एकतीस पेशी. दाबून बंद होणारी पारदर्शक पिशवी म्हणजे पेशीपटल, आतली थलथलीत जेली म्हणजे पेशीद्रव आणि मधोमध जांभळा मणी म्हणजे केंद्रक. आदल्या आठवड्यात बाईंनी शाळेच्या एकुलत्या एक सूक्ष्मदर्शकाखाली उंदराच्या यकृताची काचपट्टी लावून प्रत्येकाला पाहायला दिली होती आणि बजावलं होतं, "भिंतीवरच्या तक्त्यावरून उतरवायचं नाही. जे दिसेल तेच करायचं."

तीस जणांनी बिनदिक्कत तक्त्यावरून उतरवलं होतं. एकतिसाव्या पिशवीत दोन मणी होते. ती पिशवी मुंगीची. वर्गातली सगळ्यात बुटकी मुलगी. सदा काहीतरी उचलून कुठेतरी नेत असायची, म्हणून मुंगी. तिला स्वतःला ते नाव आवडायचं.

"हे काय गं? दोन?"

"दोनच होते, बाई. एकमेकांना चिकटून."

जिन्यात मोठ्या बाईंचा पाहुण्यांशी बोलतानाचा खास आवाज ऐकू आला. बाईंनी पिशवी उघडली. "पेशीला केंद्रक एकच असतं," त्या म्हणाल्या आणि चिमटा आत घालून एक मणी उपसून काढला. पच्‌ असा आवाज झाला. वर्ग खो खो हसत सुटला.

"मुंगीला सगळं डबल दिसतं!"

"मुंगे, मी किती दिसतोय? दोन?"

मुंगीही हसली, पण सगळ्यांच्या जरा मागून.

पाहुण्यांनी टेबलाभोवती फेरी मारली आणि पेशी अगदी पुस्तकातल्यासारख्या झाल्या आहेत म्हणून तोंडभर कौतुक केलं.

आपल्याला माहीत नव्हतं, अशी सबब बाईंना स्वतःपुढेही सांगता येईना. तरुणपणी अडीच वर्षं त्यांनी एका प्रयोगशाळेत उंदरांच्या यकृतातल्या पेशीच मोजल्या होत्या. मोजणीच्या यंत्राच्या एका बटणावर एका केंद्रकाच्या, दुसऱ्यावर दोन केंद्रकांच्या. चार-पाच पेशींमागे एक तरी दोन केंद्रकांची निघायचीच. त्यावर प्रबंध लिहून त्यांनी पदवी मिळवली होती. वर्गात दाखवलेली काचपट्टीसुद्धा त्यातलीच, स्वतःच्या हाताने रंगवलेली.

घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो शर्टाला इस्त्री करता करता म्हणाला, "चौथीच्या पोरांना एक काय नि दोन काय! विसरलीसुद्धा असेल ती. उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस."

विसरली असती तर बरं झालं असतं. पुढच्या वेळी कांद्याचा पापुद्रा पाहायचा होता. मुंगीची पाळी आली. ती स्टुलावर चढली, पण डोळा लावण्याआधी तिने मान वळवून विचारलं, "काय दिसायला हवं, बाई?"

बाई म्हणाल्या, "तुला दिसेल ते."

"हो, बाई." मुंगीने डोळा टेकवल्यासारखं केलं, लगेच खाली उतरली आणि तक्त्यासमोर बसून सुबक चित्र काढलं. एकही चूक नव्हती.

बाईंनी तिला पहिल्या बाकावर बसवलं. काचपट्ट्यांची पेटी आणायचं मानाचं काम दिलं. वहीवर दोनदा 'छान' लिहिलं. प्रत्येक वेळी "हो, बाई" एवढंच. त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. त्यात भर म्हणून चित्रकलेचे सर शिक्षकांच्या खोलीत म्हणाले, "तुमची ती मुंगी सुधारली हो. आधी हे असं का, ते तसं का, नुसतं भंडावून सोडायची. आता कशी गुमान बसते!" बाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

शनिवारच्या शेवटच्या तासाला त्यांनी सूक्ष्मदर्शक खिडकीपाशी नेऊन ठेवला, यकृताची काचपट्टी लावली आणि वर्गाकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"गेल्या महिन्यात मी मुंगीच्या पेशीतला मणी काढला. ते चुकलं. यकृतात दोन केंद्रकांच्या पेशी असतात. तिने पाहिलं ते बरोबर होतं."

"बाई चुकल्या!" बाकं बडवली गेली. मागून कोणीतरी ओरडलं, "बाई, मीपण दोन घालणार होतो!"

"तुला दिसले होते?"

"नाही. मणी उरला होता."

हशा पिकला. मुंगी मात्र हसली नाही. "तुम्हाला माहीत नव्हतं, बाई?"

इतकी सोपी वाट कोणी क्वचितच काढून देतं. नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं. तिच्या चेहऱ्यावरून तर वाटत होतं, बाईंनी नाहीच म्हणावं.

"माहीत होतं," बाई म्हणाल्या.

"मग?"

"पाहुणे येत होते. सगळ्यांच्या पेशी सारख्या दिसाव्यात असं वाटलं. त्यांनी विचारलं असतं, तर समजावून सांगत बसावं लागलं असतं. म्हणून मी तुला खोटं पाडलं."

"सगळ्यांसमोर."

"हो. सगळ्यांसमोर."

मुंगी बाकाच्या कडेवर नख ओढत राहिली. मग म्हणाली, "मी आईला सांगितलं, मला सगळं डबल दिसतं. ती मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. मला वाटलं, त्यांना कळलं नसेल."

चुकले, म्हणून झालं होतं. त्याहून मोठा शब्द त्यांना येत नव्हता. "तुझ्या आईला मी आज भेटते," बाई म्हणाल्या.

मुंगी उठली. सावकाश खिडकीपाशी गेली, स्टुलावर चढली आणि या वेळी काही न विचारता तिने डोळा टेकवला. स्क्रू आपणच फिरवला, थोडा पुढे, थोडा मागे. बाई शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. काय दिसतंय, हे विचारायचं अगदी जिभेवर आलं होतं. ते त्यांनी दातांखाली धरलं. मागे रांग लागली, ढकलाढकली सुरू झाली.

"मुंगे, आटप की! झोपलीस काय?"

"थांब रे, मोजतेय." तिने मान वर केली नाही. "बाई, जरा सरका ना. उजेड अडतोय."

बाई सरकल्या.