चढावरचा फोटो

आमच्याकडे कॅमेरा एक आणि हौशी माणसं दोन. आमचे हे मालगाडीचे निवृत्त गार्ड, त्यांना इंजिनांचे फोटो काढायचे असतात. मला हवी असतात रुळांच्या कडेला पोट भरायला येणारी जनावरं. सकाळी डबा बांधायचा आणि गावाबाहेरच्या चढावर जाऊन बसायचं, हा आमचा उद्योग. धान्याच्या मालगाड्या तिथे धापा टाकत चढतात आणि वाघिणींच्या, म्हणजे मालडब्यांच्या, फटींतून दाणे सांडत जातात. दाण्यांवर तितर येतात, खारी येतात, उंदीर येतात आणि उंदरांच्या मागावर एक मुंगूस. कॅमेऱ्याची वाटणी ठरलेली आहे. सिग्नल लाल असेपर्यंत माझा, हिरवा झाला की ह्यांचा. या वाटणीवरून जेवढी भांडणं झाली तेवढी उभ्या संसारात झाली नसतील.

"त्या मुंगसाला फोटोतलं काय कळतंय?" हे म्हणतात.

"इंजिनाला फार कळतं ना," मी म्हणते.

पुढच्या खोलीतली अख्खी भिंत ह्यांच्या इंजिनांनी भरली आहे. ज्या ज्या ड्रायव्हरबरोबर काम केलं, त्याचं इंजिन तिथे आहे. माझी मुंगसं स्वयंपाकघरात, फ्रिजच्या दारावर.

आमची लेक, तिला आम्ही भिंगरी म्हणतो, ती भिंत बघतच मोठी झाली आणि एक दिवस म्हणाली, मी इंजिन चालवणार. ह्यांना ते मुळीच रुचलं नाही. ड्रायव्हरला ना जेवणाला वेळ ना झोपेला, हे त्यांनी जन्मभर जवळून बघितलं होतं. पण विरोध केला असता तर बरं, ह्यांनी तोंडाला कुलूपच घातलं. तिची परीक्षा झाली, शिकाऊ म्हणून दिवस गेले, बापाने चकार शब्द काढला नाही. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, काही बोलू नका हवं तर. मी एकटी गाडी आणेन त्या दिवशी फोटो काढा आणि भिंतीवर लावा. एवढंच मागते."

"बघू," हे म्हणाले. पण दुसऱ्याच दिवशी भिंतीवर मधोमध एक रिकामा खिळा दिसला.

तो दिवस उगवला तेव्हा ह्यांनी शर्टाला इस्त्री केली. "फोटो तिचा आहे, तुमचा नाही," मी म्हटलं. हे कॅमेऱ्याचं भिंग पुसतच राहिले. ते पुसून पुसून झिजायची वेळ आली होती.

चढावर पोचलो आणि नेमकं त्याच दिवशी मुंगूस पिल्लं घेऊन बाहेर आलं. तीन पिल्लं, आईच्या शेपटीला चिकटून, खडी उकरत. माझं भान हरपलं. सिग्नल कधी हिरवा झाला ते कळलंच नाही. ह्यांनी माझ्या गळ्यातला कॅमेऱ्याचा पट्टा काढून स्वतःच्या गळ्यात अडकवला, तेव्हा भानावर आले.

इंजिन वळणावर दिसलं. चढाला चाकं घसरायला लागली, आवाज बदलला. "वाळू सोड," हे पुटपुटले, "सोड ना गं वाळू." मग इंजिनाच्या पेटीतली वाळू रुळांवर पडली असावी, कारण चाकांनी पुन्हा पकड घेतली आणि गाडी जडपणे वर यायला लागली. खिडकीत आमची भिंगरी. चेहरा घामाने निथळत होता, नजर समोर.

आणि ह्यांनी कॅमेरा सोडून दिला. तो गळ्यात लोंबकळत राहिला. हे टाचा जुळवून ताठ उभे राहिले, नजर चाकांवर, आणि उजवा हात आडवा केला. गार्डची जन्माची सवय. शेजारून गाडी जाताना ती नीट तपासायची आणि हात दाखवून सांगायचं, सगळं ठीक आहे, जा पुढे. भिंगरीने वळून बघितलं. मग खिडकीतून तिचाही हात आडवा बाहेर आला. तिचं इंजिन दिसेनासं झालं तरी ह्यांचा हात खाली आला नाही, शेवटची वाघीण जाईपर्यंत.

"काढलात?" मी विचारलं.

ह्यांनी कॅमेऱ्याकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसं बघितलं. "राहिला," म्हणाले आणि दगडावर बसले. "एकच गोष्ट मागितली होती पोरीने."

मी डबा उघडून ह्यांच्यापुढे ठेवला. इतका जीव ह्यांच्यावर लग्नाच्या दिवशीसुद्धा जडला नव्हता.

संध्याकाळी भिंगरी घरात आली ती आधी भिंतीकडे गेली. हे चहा ठेवायच्या निमित्ताने आत पळाले. चहा ह्यांना करता येत नाही.

"फोटो नाही निघाला," आतूनच म्हणाले. "हात गुंतला होता."

"दिसलं मला," ती म्हणाली. मग स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "गाडी तपासलीत ना? ठीक होती?"

"ठीक होती." मग भांडं पुसत, "वाळू उशिरा सोडलीस."

माझी पोर हसता हसता रडली. चहा उतू गेला. जेवणं गार झाली तरी बापलेकीचं ब्रेक आणि वजन संपेना. मला दोघांनी विचारलंही नाही.

खिळा मात्र रिकामाच होता. तिच्या गाडीची पुढची फेरी आली तेव्हा आम्ही पुन्हा चढावर गेलो. सिग्नल हिरवा झाला तसा मी सवयीने कॅमेरा पुढे केला.

"राहू दे तुझ्याकडेच," हे म्हणाले. "मला हात मोकळा लागतो."

"मला इंजिन काढता येत नाही."

"मुंगूस समज."

तेवढ्यात खरं मुंगूस पिल्लांसह माझ्या पायांपासून हातभर अंतरावर आलं. इतकं जवळ कधीच आलं नव्हतं. मी त्याच्याकडे पाठ केली.

खिळ्यावर आता तो फोटो आहे. इंजिन तिरकं आलंय, असं हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. हात मात्र दोघांचेही आलेत.